जहाजासाठी भरलेली बॅग

अमरावतीहून सुटकेस विकत आणायची हे ठरलं होतं, पण ती घेऊन नांदगावात उतरायचं कसं, याचा विचार सत्यवतीबाईंनी केलाच नव्हता. सुटकेस लालभडक होती, तिला चाकं होती, आणि एसटीच्या फळीवर ती काही मावेना. कंडक्टरनं ती मधल्या वाटेत उभी करून ठेवली. बस वळली की ती आपली आपण चालू लागे आणि कुणाच्या तरी गुडघ्याला जाऊन टेके. बडनेऱ्याला पार्बताबाई बसमध्ये चढल्या आणि बसल्याबसल्या सुटकेस त्यांच्या गुडघ्याला टेकली.

पार्बताबाई सत्यवतीबाईंच्या घरासमोर राहायच्या.

"कोनाची व ही बॅग, सत्यवती?"

"माहीच हाय."

"येवढी मोठी? कुठी चाललीस?"

सत्यवतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी उभी होती, पण वावरात वेचणारी एक बाई दिसत नव्हती. बोंडं किडून गेली होती. पार्बताबाईच्या नवऱ्यानं तर मागल्याच आठवड्यात उभ्या पिकात गुरं सोडली होती. अशा बाईला 'आम्ही नवराबायको जहाजात बसून समुद्रावर फिरायला चाललो' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सत्यवतीबाईंनी दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा भलतंच बाहेर पडलं.

"मुंबईले. दवाखान्यात. याइले न्याचं हाय."

"अवं माय! काय झालं वामनभाऊले?"

"छातीत दुखते."

पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला. नांदगाव येईपर्यंत ती सुटकेस त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. वळणावर तिला धक्का लागू नये म्हणून.

वामनरावांचं नांदगाव खंडेश्वरला बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्या साली अळीनं कहर केला. लोकांनी एक औषध मारलं, अळी हटली नाही. दुसरं मारलं, तेही तिनं पचवलं. मग दोन औषधं एकत्र करून मारली. शेवटी शेवटी लोक दुकानात येऊन 'कोन्तंबी द्या' म्हणायचे आणि वामनराव कोणतंही द्यायचे. कपाशी गेली, पण मुंबईच्या कंपनीनं दुकानदारांना विक्रीचा जो आकडा ठरवून दिला होता, तो वामनरावांनी दिवाळीच्या आधीच ओलांडला. कंपनीचा अमोल नावाचा पोरगा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, अभिनंदन! तुम्ही आणि काकू क्रूझला चाललात."

"कुठी?"

"जहाजावर! मुंबई, गोवा, पुढं लक्षद्वीप. सगळा खर्च कंपनीचा. कपडे नीट घेऊन या फक्त. रात्रीच्या पार्टीला सूट लागेल. पोहायची चड्डी लागेल. उन्हाचं क्रीम, गॉगल, काकूंना हॅट. आणि उलटीच्या गोळ्या विसरू नका."

वामनरावांनी आधी दुकानाचं दार लोटलं आणि मगच पेढा तोंडात टाकला. त्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाहायची इच्छा मात्र लहानपणापासूनची. नको म्हणवेना, आणि कुणाला सांगवेना. 'गुपचूप जाऊ, गुपचूप येऊ,' असं नवराबायकोत ठरलं.

बसमध्ये काय घडलं हे सत्यवतीबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं नाही. धीरच झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव दुकानाचं शटर उचलायला वाकले, तर मागून कुणीतरी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं.

"तुमी नोका उचलू, भाऊ. आमी हाओ ना."

दुकान उघडलं. त्यांनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली, तर समोरच्या गिऱ्हाइकानं ती हळूच काढून घेतली आणि आपल्या खिशात घातली. दुपारपर्यंत दुकानात जो आला तो हळू आवाजात बोलला. बियाणं उगवलं नाही म्हणून महिनाभर भांडणारा एक जण आला आणि म्हणाला, "जाऊ द्या थो बियान्याचा इषय. पयले तब्येत." वामनरावांना घाम फुटला. घाम पाहून लोकांनी त्यांना खाली बसवलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

दुपारी ते घरी आले. लोक बघत होते म्हणून सावकाश चालत आले.

"सत्यवती, मले काय झालं हाय?"

सत्यवतीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "छातीत दुखते."

"कवापासून?"

"कालपासून. बडनेऱ्यापासून."

सगळं ऐकून वामनराव खाटेवर बसले. "दुसरं काई सुचलं नाई तुले? लग्न हाय म्हनाचं, बारसं हाय म्हनाचं!"

"लग्नाले चाललो म्हनतलं असतं तं तिनं इचारलं असतं कोनाचं. तुमी असते तं काय सांगतलं असतं तिले? जहाज?"

वामनरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि सवयीनं दारात जाऊन चूळ भरली. समोरच्या ओट्यावर पार्बताबाई बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "उलटी झाली काय, भाऊ?"

निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका बॅग भरायला आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण घरात दुखणं असलं की घरच्या बाईचं डोकं ठिकाणावर नसतं, तिच्या हातून महत्त्वाचं राहून जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पार्बताबाईंनी स्वतःची गोधडी आणली होती. एकीनं ज्वारीच्या लाह्या आणि गूळ, एकीनं कपडे वाळत घालायची दोरी, एकीनं खंडेश्वराचा अंगारा. आणखी एकीनं पदराआडून एक लघवीचं भांडं काढलं.

"माह्या सासऱ्याचं व्हय. राखेनं घासून आनलं. मोठ्या दवाखान्यात येळेवर भेटत नाई, माय."

सत्यवतीबाई 'राहू द्या, राहू द्या' म्हणेपर्यंत पार्बताबाईंनी सुटकेस उघडलीसुद्धा. सगळ्यात वर पोहायची चड्डी होती. निळी, आणि तिच्यावर पिवळी फुलं.

बायका बघत राहिल्या.

"हे कायचं व?"

"थे… मशीनमधी झोपवतात ना फोटो काढाले," सत्यवतीबाई म्हणाल्या, "तवा घालतात."

"आन फुलं कायले?"

"पेशंटले जरा बरं वाटावं म्हनून."

हे सगळ्यांना पटलं. मग काळा चष्मा निघाला. मशीनचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तो. क्रीमची बाटली निघाली. ते छातीला चोळायचं. उलटीच्या गोळ्या निघाल्या, त्यांच्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. मग कडक इस्त्रीचा कोट-पँट आणि टाय निघाला आणि सत्यवतीबाईंची वाचा बसली.

"हे बरं केलं," पार्बताबाईच म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "डाक्टरपुढं असंच जा लागते. आमी माह्या पोरीले नेलं तवा आमच्या अंगावरचे कपडे पाहूनच त्यानं आमाले बाहेर बसवलं. दिवसभर बसलो."

त्यांनी कोटाची घडी अगदी जपून घातली. त्यावर गोधडी ठेवली, गोधडीत भांडं गुंडाळलं, कडेनं लाह्या कोंबल्या. सुटकेस मिटेना, तेव्हा दोघी तिच्यावर बसल्या आणि तिसरीनं चेन ओढली. बायका गेल्यावर वामनराव आतल्या खोलीतून बाहेर आले. "काढून टाकू सामान," असं दोघंही म्हणाले. पण चेन अडकली ती उघडलीच नाही.

बडनेरा स्टेशनवर त्यांना पोचवायला अर्धी गल्ली आली. त्यात नत्थुजी होता. हा वामनरावांचं जुनं गिऱ्हाईक, कोरडवाहू शेतीवाला, आणि बोलायला कमी. त्याच्या काखेत पिशवी होती.

"मी येतो संगं," तो म्हणाला. "जनरलचं तिकिट काढलं."

"अरे, तुमी कायले?"

"दवाखान्यात मानूस लागते."

त्या हंगामात नत्थुजीचा धाकटा भाऊ खुशाल फवारणी करताना वावरातच पडला होता. वारा फिरला आणि औषध त्याच्याच तोंडावर आलं. त्याला अमरावतीला न्यायला वामनरावांनी काळी-पिवळी जीप ठरवून दिली होती. खुशाल वाचला नाही. औषध वामनरावांच्याच दुकानातलं होतं. नत्थुजीनं तो विषय कधी काढला नव्हता. त्याच्या लक्षात राहिली होती ती फक्त जीप.

"तुमी जीप देल्ली म्हनून तो दवाखान्यापर्यंत तरी पोचला," नत्थुजी म्हणाला. "दोन शब्द बोलला माह्यासंगं. मले येऊ द्या."

"आत एकच मानूस ठेवतात, नत्थुजी."

"मी बाहेर झोपीन. सवय हाय."

गाडीची घोषणा झाली. वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती. शेवटी त्यांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि नत्थुजीच्या हातात ठेवल्या. "तुमी दुकानावर ध्यान ठेवा. त्यानंच मले बरं वाटन." नत्थुजीनं किल्ल्या कपाळाला लावल्या. गाडी हलली तेव्हा फलाटावरच्या बायका डोळे पुसत होत्या आणि सत्यवतीबाईसुद्धा रडत होत्या, आणि त्यांचं रडणं मात्र अगदी खरं होतं.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासायच्या यंत्रानं लाल सुटकेस अडवली. गणवेशातल्या माणसानं कात्रीनं चेन तोडली. आधी दोरी निघाली, मग अंगाऱ्याची पुडी, आणि मग गोधडी उलगडताच भांडं टणटणत फरशीवर पडलं. ते गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. रांगेतले सगळे बघत होते.

"आप पेशंट हैं?"

"नाही, नाही! मला काहीसुद्धा झालेलं नाही," वामनराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते खरं बोलत होते. पण त्या माणसाचा विश्वास बसला नाही. त्यानं जहाजावरच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि भुवया वर केल्या.

"ब्लड प्रेशर वाढलंय. हे कधीपासून?"

"बडनेऱ्यापासून," वामनराव म्हणाले.

जेवणात मीठ नाही, पाण्यात उतरायचं नाही, या अटींवर डॉक्टरनं त्यांना चढू दिलं.

जहाज सुंदर होतं. सात-आठ मजले, सगळीकडे दिवे, काचेच्या जिन्याखाली पाणी खेळवलेलं. वामनराव कोट-टाय घालून अळणी सूप पीत बसले. त्यांच्या टेबलावर मूर्तिजापूरचे गयासुद्दीन आणि त्यांची बायको खातूनबी बसली होती. गयासुद्दीनचंही बियाणांचंच दुकान होतं. चेहरा मात्र सुतकी.

"घरी काय सांगून आले, भाई?" वामनरावांनी हळूच विचारलं.

गयासुद्दीननं आजूबाजूला पाहिलं. "बोल दिया, बुऱ्हानपूर में साला गुजर गया."

"आन साला?"

"अच्छा-भला है! आज फोन आया उसका. बोला, भाईजान, मूर्तिजापूर से लोग मातमपुरसी को आ रहे हैं, मैं ही चाय दे रहा हूं सबको, किसका पुरसा है वो तो बताओ!"

"मैंने पहले ही मना किया था," खातूनबी म्हणाल्या आणि पुन्हा पदरानं डोळे टिपू लागल्या. भाऊ जिवंत होता तरी त्यांना रडू आवरत नव्हतं.

पलीकडच्या टेबलावर अकोटकडचा एक दुकानदार होता. त्यानं काकाच्या दहाव्याला चाललो असं गावात सांगितलं होतं, आणि परत गेल्यावर शंका नको म्हणून जहाजावर चढायच्या आधीच डोकं भादरून घेतलं होतं. समुद्राच्या उन्हानं त्याचं डोकं सोलून निघालं होतं. कुणाला काशी होती, कुणाला कोर्टाची तारीख. जहाजावरचा फोटोवाला कॅमेरा घेऊन त्या कोपऱ्याकडे आला की सगळे दुकानदार एकदम खाली वाकायचे आणि बुटाची नाडी बांधायचे. अमोल माइकवरून ओरडत होता, "एन्जॉय करा, काका! पुढच्या वर्षी सिंगापूर!" कुणी टाळी वाजवली नाही.

सत्यवतीबाईंना वारा लागत होता. त्या डेकवरच्या खुर्चीत पार्बताबाईची गोधडी पांघरून बसल्या होत्या. गोधडीला पार्बताबाईच्या घराचा वास होता, धुराचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा. "लय मोठा हाय व समुद्र," वामनराव शेजारी येऊन म्हणाले. "हो," त्या म्हणाल्या. त्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

गोव्याला पोचल्यावर वामनरावांचा फोन लागला. दुकानात नत्थुजीनंच उचलला.

"ऑपरेशन झालं काय?"

"नाई. गरज नाई म्हनतात. गोळ्यावर निभते."

"बाजा कायचा वाजून रायला जी?"

"दवाखान्याच्या बाजूले लग्न हाय."

"अशा जागी लग्न काहून करतात?" नत्थुजी म्हणाला. "दुकान चांगलं हाय. मी ओट्यावरच झोपून रायलो. तुमी काळजी नोका करू."

ते परत आले तेव्हा वामनराव उन्हानं काळेठिक्कर पडले होते आणि अळणी खाऊन वाळले होते. गल्लीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कुजबुज सुरू झाली. "लाईट देल्ला असन, क्यान्सरवाल्याले देतात तसा." छातीत दुखण्याचं एवढं होत नाही, हे मोठं काहीतरी असणार, घरचे बोलत नाहीत एवढंच. त्या दिवसापासून वामनरावांना कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. सगळे फक्त 'कसं हाय?' म्हणत. खर्रा बंद झाला, तिखट बंद झालं. नत्थुजी रोज सकाळी येऊन दुकान झाडून जायचा. वामनराव त्याला नको म्हणायचे. तो ऐकायचा नाही.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी नत्थुजीनं दुकान झाडलं, झाडणी कोपऱ्यात ठेवली, पण गेला नाही. उभाच राहिला.

"काय झालं, नत्थुजी?"

"गोदाच्या छातीत दुखते." गोदाबाई म्हणजे त्याची बायको. "जिना नाई, चढ नाई, बसल्याजागी दम भरते. मी म्हनलं, वामनभाऊले जिथं बरं केलं तिथंच नेतो. बकऱ्या इकल्या. दवाखान्याचं नाव सांगा."

वामनराव गल्ल्यामागे उभे होते. त्यांना कोणतंही नाव सांगता आलं असतं. मुंबईत दवाखाने पुष्कळ. मग हा माणूस त्या बाईला घेऊन तिथं गेला असता आणि वामनभाऊंचं नाव सांगत दारोदार फिरला असता. वामनरावांनी गल्ला पुसायला घेतला. दोनदा पुसला. मग फडकं खाली ठेवलं.

"नत्थुजी, मी दवाखान्यात गेलोच नाई."

"मंग?"

"जहाजावर गेलतो. समुद्रात. कंपनीनं नेलं. औषध जास्त खपलं म्हनून. मले काई झालं नवतं. काईच नवतं."

नत्थुजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वामनरावांना वाटलं, आता हा मारील. मारावं, असंही वाटलं.

"म्हंजे छातीत काईच नाई?"

"नाई."

"लाईट गिट बी नाई देल्ला?"

"नाई."

नत्थुजी खाली पोत्यावर बसला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाप्पा," तो म्हणाला. "मले वाटे, तुमी आता जात."

मग त्यानं विचारलं, "पन मंग आता गोदाले कुठी नेऊ?"

वामनरावांनी दुकान बंद केलं. स्टँडवर जाऊन काळी-पिवळी ठरवली, अमरावतीच्या डॉक्टरला फोन लावला, घरी जाऊन एक पिशवी भरली आणि गोदाबाईच्या दारात जीप उभी केली. "मी येतो संगं," ते म्हणाले. नत्थुजी घरात गेला आणि बायकोला घेऊन आला. गोदाबाईला जहाजाचं काही माहीत नव्हतं.

जीप, पिशवी आणि वामनराव हे तिन्ही एका ठिकाणी दिसताच गल्ली गोळा झाली.

"पुन्हा नेऊन रायले काय भाऊले?" पार्बताबाई धावत आल्या. "मले वाटलंच होतं. तोंडावर पाह्य ना कशी अवकळा आली."

"अवं, पेशंट मी नाई," वामनराव म्हणाले. "पेशंट या हाय. गोदाबाई."

"हो हो, तुमी बोलू नोका. दम लागन."

"मी खरं सांगून रायलो!"

"पुढची शीट द्या त्याइले. पाय लांब करू द्या. गोदाबाई, तुमी मांगं बसान ना माय?"

"बसतो ना," गोदाबाई म्हणाल्या.

वामनराव जीपच्या दारात उभे राहिले. चारही बाजूंनी हात पुढं आले होते आणि एकही माणूस ऐकत नव्हता. त्यांनी गर्दीतून नत्थुजी शोधला. "नत्थुजी, तुमी तरी सांगा याइले! तुमचं आयकतीन."

सगळे नत्थुजीकडे वळले. नत्थुजीनं गल्लीकडे पाहिलं, मग वामनरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता.

"चला," नत्थुजी म्हणाला. "उशीर होऊन रायला."

जीपची पायरी उंच होती. गोदाबाईंनी आपला एक हात छातीवर दाबून धरला, दुसऱ्या हातानं वामनरावांचं कोपर धरलं, आणि "हळू, भाऊ, हळू," म्हणत त्यांना वर चढवलं.